ट्रॅक्टरची पुढची चाके : जवळजवळ की दूरदूर?

सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर चौरंग ठेवला की तो हमखास डुगडुगतो. एका पायाखाली कागदाची घडी सरकवावी, तर दुसराच पाय अधांतरी होतो. तिपाईचे तसे नसते. जमीन कशीही असो, तिचे तिन्ही पाय टेकतातच. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते, हे भूमितीत आपण शिकलो आहोत. चौथा बिंदू त्याच प्रतलात सापडेल, अशी हमी भूमिती देत नाही.

पण आता तिपाईच्या कडेवर भार देऊन पाहा. ती चटकन कलंडते. चौरंग इतक्या सहजी कलंडत नाही. म्हणजे न डुगडुगणे हा एक गुण आणि न कलंडणे हा दुसरा. तिपाईत पहिला गुण आहे, चौरंगात दुसरा. ट्रॅक्टरची पुढची चाके कशी असावीत, या प्रश्नाचे मूळ या दोन गुणांच्या ओढाताणीत आहे. या ओढाताणीत चालकाचा जीवही गुंतलेला असतो, म्हणून ती नीट समजून घेऊ या.

कोळप्यासाठी जन्मलेला ट्रॅक्टर

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत शेतीची कामे घोडे आणि खेचरे करीत. हेन्री फोर्ड यांचा 'फोर्डसन' ट्रॅक्टर १९१७ साली बाजारात आला. तो नांगरणी उत्तम करी. परंतु मका आणि कापूस ही ओळीत लावायची पिके. पीक गुडघाभर वाढल्यावर दोन ओळींमधले तण काढण्यासाठी कोळपणी करावी लागते. ठेंगणा फोर्डसन अशा उभ्या पिकात घातला, तर तण मरो न मरो, पीक नक्की मोडले असते. त्यामुळे ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्यालाही कोळपणीसाठी घोडे पोसावेच लागत.

'इंटरनॅशनल हार्वेस्टर' या कंपनीने १९२४ साली ही अडचण सोडवली. बर्ट बेंजामिन या अभियंत्याने आखलेल्या त्या ट्रॅक्टरचे नाव होते 'फारमॉल'. त्याचा मागचा आस उंच होता आणि मागची दोन चाके एकमेकांपासून बरीच लांब होती. पुढची दोन लहान चाके मात्र जवळजवळ, ट्रॅक्टरच्या नाकाखाली बसवलेली होती. त्या काळी मक्याच्या दोन ओळींत सुमारे १ मीटर अंतर ठेवीत, कारण मधून घोडा चालायचा असे. फारमॉल अशा दोन ओळींवर ढांग टाकून चाले. मागची चाके दोन्ही ओळींच्या बाहेरून आणि पुढची जोडी दोन ओळींच्या मधून. वरून पाहिले, तर चाकांचा आकार त्रिकोणी दिसे. म्हणजे ही तिपाईच झाली.

या रचनेचे फायदे उघड होते. पुढे आडवा आस नसल्यामुळे झाडांना काही अडत नसे. कोळपे ट्रॅक्टरच्या पोटाशी, दोन्ही बाजूंना बसवता येई. चालकाला त्याचे फाळ समोर दिसत आणि सुकाणू जरा वळवले की कोळपेही लगेच सरके. रोप वाचवून तण काढायचे, तर हे फार महत्त्वाचे.

दुसरा फायदा वळण्याचा. नाकाखालची चाके जवळजवळ काटकोनात वळवता येत, कारण आजूबाजूला त्यांना अडवणारे काहीच नसे. शिवाय फारमॉलमध्ये चाके पूर्ण वळवली की आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला आपोआप ब्रेक लागे. मग सारा ट्रॅक्टर त्या चाकाभोवती गरकन फिरे. बांधाजवळ वळताना कमी जमीन वाया जाई.

तिसरा फायदा म्हणजे साधेपणा. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या त्रिज्यांच्या वर्तुळांवरून जाते. त्यामुळे दोघांनी वेगवेगळ्या कोनांत वळायला हवे. म्युनिकचे गाडी बनवणारे लांकेनश्पेर्गर यांनी यासाठी एक जोडणी शोधली आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. एक हिशेब करून पाहा. पुढच्या-मागच्या आसांतले अंतर २ मीटर आणि पुढच्या चाकांतले १.३ मीटर धरा. मागच्या आसाचा मध्य ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर आतले चाक सुमारे ४० अंश वळायला हवे आणि बाहेरचे केवळ २९ अंश. एकच चाक असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. दोन चाके अगदी जवळ असतील, तर कोनांतला फरक किरकोळ असतो.

फायद्याची किंमत

आता तोटे. जवळजवळ असलेल्या दोन चाकांच्या बेचक्यात ढेकळे, दगड आणि चिखल अडकतो. एकच चाक लावले, तर हा त्रास जातो आणि अरुंद ओळींतही ते मावते. पण मग पुढचा सगळा भार त्या एका चाकावर येतो आणि मऊ जमिनीत ते रुतते. शिवाय तीन ठिकाणी चाके असलेला ट्रॅक्टर शेतात तीन चाकोऱ्या पाडतो. रुंद आसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्या चाकांच्याच चाकोरीतून जाऊ शकतात, म्हणून दोनच चाकोऱ्या पडतात आणि कमी जमीन तुडवली जाते.

धक्क्याचाही विचार करायला हवा. एकुलते एक चाक १० सेंटिमीटर उंच दगडावर चढले, तर ट्रॅक्टरचे नाक पूर्ण १० सेंटिमीटर उचलले जाते. जवळची दोन चाके एकाच ताठ आसावर असतील, तर एक चाक दगडावर चढताना दुसरे अधांतरी राहते आणि सुकाणू हाताला हिसका देते. 'जॉन डिअर' कंपनीने १९४७ साली यावर 'रोल-ओ-मॅटिक' नावाची सुरेख युक्ती काढली. दोन चाके दोन आखूड भुजांवर बसवून त्या भुजा दात्यांनी एकमेकींत गुंतवल्या. एक चाक जितके वर जाई, तितकेच दुसरे खाली येई. नाक मात्र निम्मेच, म्हणजे ५ सेंटिमीटर उचलले जाई. तराजूची दांडी कलली, तरी तिचा मध्य जागचा हलत नाही. तेच हे तत्त्व.

कोणत्या शेतकऱ्याला काय सोयीचे, ते त्याच्या पिकावर ठरे. म्हणून कंपन्या एकाच ट्रॅक्टरला वेगवेगळी पुढची चाके लावून विकीत. जॉन डिअरच्या 'ए' ट्रॅक्टरला नेहमी जवळची दोन चाके असत. 'एएन'ला एकच चाक आणि 'एडब्ल्यू'ला रुंद आस असे.

रुंद आसातली लपलेली तिपाई

आपल्याकडे रस्त्यावर आणि शेतात दिसणाऱ्या जवळजवळ सर्व ट्रॅक्टरांना पुढे रुंद आस असतो. चार कोपऱ्यांना चार चाके पाहून तो चौरंगासारखा भक्कम आहे, असे कोणालाही वाटेल. पण जरा वाकून पुढून पाहा. आस ट्रॅक्टरच्या सांगाड्याला दोन्ही टोकांशी जखडलेला नसतो. तो मधोमध एका जाड पिनेवर टांगलेला असतो आणि त्या पिनेभोवती झोपाळ्याच्या फळीसारखा डावी-उजवीकडे कलू शकतो.

असे का केले? आस जखडला असता, तर खाचखळग्यांच्या शेतात ट्रॅक्टर चौरंगासारखा डुगडुगला असता. चारांपैकी एखादे चाक सतत अधांतरी राहिले असते. ते मागचे असेल, तर ओढ गेली आणि पुढचे असेल, तर वळण्याची पकड गेली. बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. म्हणून पिनेवर झुलणारा आस हाच उपाय. एक चाक दगडावर चढले की पिन निम्मीच उचलली जाते आणि ट्रॅक्टरचे धड आडवे कलत नाही.

पण याचा अर्थ लक्षात आला का? धडाला पुढून आधार देणारा बिंदू एकच, तो म्हणजे ती पिन. मागची दोन चाके आणि ही पिन मिळून पुन्हा त्रिकोणच होतो! चार चाकांवर चालणारा हा ट्रॅक्टर कलंडण्याच्या बाबतीत प्रथम तिपाईसारखाच वागतो. आस एका मर्यादेपर्यंत कलला की सांगाड्यावरील अडणीला टेकतो आणि मग कुठे चौरंगाचे चार पाय कामाला येतात. तोवर मागचे एक चाक उचलले गेलेले असते आणि धडाला फिरण्याची गती मिळालेली असते. ती अडणी कधी ट्रॅक्टर सावरते, कधी सावरू शकत नाही.

थोडे गणित

मग रुंद आसाने काहीच फायदा होत नाही का? होतो. किती, ते मोजून पाहू. आपण एक काल्पनिक ट्रॅक्टर घेऊ. मागच्या चाकांतले अंतर १.६ मीटर. दोन आसांतले अंतर २ मीटर. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.७ मीटर पुढे आणि जमिनीपासून ०.७५ मीटर उंच. हा ट्रॅक्टर आडव्या उतारावर उभा आहे. गुरुत्वमध्यातून जाणारी ओळंब्याची रेषा आधाराच्या कडेबाहेर पडली की तो कलंडणार. तेव्हा कलंडण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे गुरुत्वमध्यापासून कडेचे आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची.

पहिला प्रकार, चारही चाके ताठ जखडलेली. कडेचे अंतर ०.८ मीटर. ०.८ भागिले ०.७५ म्हणजे १.०७. कोन सुमारे ४७ अंश.

दुसरा प्रकार, पुढे एकच चाक किंवा जवळची जोडी. आता कड तिरपी आहे. ती मागच्या चाकापासून नाकाकडे निमुळती होत जाते. गुरुत्वमध्याच्या जागी तिचे अंतर ०.८ × १.३ ÷ २, म्हणजे ०.५२ मीटर उरते. ०.५२ भागिले ०.७५ म्हणजे ०.६९. कोन सुमारे ३५ अंश. पूर्ण १२ अंशांचे नुकसान!

तिसरा प्रकार, पिनेवर झुलणारा रुंद आस. कड तशीच निमुळती, अंतरही तेच, ०.५२ मीटर. पण त्रिकोणाचे टोक आता जमिनीवर नाही. ते पिनेच्या उंचीवर आहे. पिन ०.५ मीटर उंच धरली, तर ती कड मागून पुढे चढत जाते आणि गुरुत्वमध्याच्या जागी जमिनीपासून ०.१७५ मीटर वर असते. त्यामुळे गुरुत्वमध्य कडेच्या वर ०.५७५ मीटरच भरतो. ०.५२ भागिले ०.५७५ म्हणजे ०.९०. कोन सुमारे ४२ अंश.

तर उत्तर असे. रुंद आसाचा ट्रॅक्टर त्रिकोणी ट्रॅक्टरपेक्षा खात्रीने स्थिर असतो, पण चौरंगाइतका नाही. शिवाय त्याला स्थिरता लाभते ती मुख्यतः पिनेच्या उंचीमुळे. पुढची चाके आणखी दूर केली, म्हणून कलंडण्याच्या या पहिल्या टप्प्यात काही फरक पडत नाही, कारण त्यांच्यातले अंतर या हिशेबात आलेच नाही. मागच्या चाकांतले अंतर मात्र आले आहे. उतारावर काम करताना जाणकार शेतकरी मागची चाके बाहेर घेऊन बसवतो, ते यासाठीच.

हे कोन ट्रॅक्टर स्थिर उभा असतानाचे आणि टायर कडक आहेत असे धरून काढलेले आहेत. चालत्या ट्रॅक्टरचे वरचे चाक दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, तर याहून बऱ्याच सौम्य उतारावरही घात होतो.

वेग वाढला आणि हिशेब बदलला

सपाट जमिनीवरही ट्रॅक्टर उलटतो. वळताना वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतके त्वरण लागते. त्याला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने भागले की जी संख्या येते, ती वरच्या टॅन्जंटच्या जागी ठेवायची. पहिल्या फारमॉलचा सर्वांत मोठा वेग ताशी सुमारे ६.५ किलोमीटर होता. ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही संख्या केवळ ०.०८ येते. आपल्या त्रिकोणी ट्रॅक्टरची मर्यादा ०.६९ आहे. म्हणजे चिंतेचे कारण नाही. घोड्याच्या चालीने चालणाऱ्या यंत्राला तिपाई पुरेशी होती.

'ॲलिस-चामर्स' कंपनीने १९३२ साली ट्रॅक्टरला हवा भरलेली रबरी टायर आणली. लोखंडी चाके गेली, धक्के कमी झाले आणि ट्रॅक्टर रस्त्यावर धावू लागला. १९३९ सालचा 'फारमॉल एम' रबरी टायरवर पाचव्या गिअरमध्ये ताशी सुमारे २६ किलोमीटर जाई. वेग चौपट झाला, म्हणजे वळताना लागणारे त्वरण सोळापट! त्याच वळणावर आता ती संख्या १.३ च्या पुढे जाते. तिपाई तर उलटेलच, पण ताठ चौरंगही टिकणार नाही. भुसभुशीत मातीत चाके आधी घसरतात, म्हणून ट्रॅक्टर काही वेळा वाचतो. डांबरी रस्त्यावर चाकांची पकड घट्ट असते आणि तीच घात करते.

तिपाई मागे का पडली?

सुरक्षितता हे एक कारण झाले. दुसरे कारण अवजारांच्या जागेचे. हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन बिंदूंच्या जोडणीचा 'फोर्ड-फर्ग्युसन' ट्रॅक्टर १९३९ साली आला. आता अवजार ट्रॅक्टरच्या मागे जोडले जाई आणि तेलाच्या दाबाने उचलले जाई. या ट्रॅक्टरचा पुढचा आस रुंद होता आणि बोल्ट काढून त्याची लांबी कमीजास्त करता येई. पिकाच्या ओळींप्रमाणे चाके आतबाहेर घेता येत आणि सुकाणूच्या जोडणीला धक्का लागत नसे. पुढे तणनाशकांमुळे कोळपणीचेही महत्त्व कमी झाले. ज्या कामासाठी तिपाई घडवली, तेच काम उरले नाही. तोटे तेवढे शिल्लक राहिले.

रुंद आसाची पुढची पायरी म्हणजे पुढची चाकेही इंजिनाने फिरवणे. साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लहान टायरवर लांबट, उभ्या धारा असतात. त्या चाकाला बाजूला घसरू देत नाहीत, पण ओढीला त्यांचा उपयोग नाही. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके मोठी आणि मागच्यासारखीच तिरप्या दात्यांची असतात. चिखलात तो कमी रुततो आणि जास्त ओढतो. पण किंमत जास्त, दुरुस्ती जास्त, आणि मोठी चाके फार वळवता येत नसल्याने वळणही मोठे. कडक रस्त्यावर पुढची ओढ बंद करावी लागते, नाहीतर टायर भराभर झिजतात.

चाके कोणतीही असोत

एका अपघातापुढे मात्र पुढच्या चाकांचे सगळे प्रकार सारखेच. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर जमीन सोडताना साखर कारखान्याच्या वाटेवर अनेकांनी पाहिली असतील. ओढ जास्त झाली की भार पुढून मागे सरकतो. चाके हलकी होतात आणि सुकाणू फिरवले, तरी ट्रॅक्टर वळत नाही. आणखी ओढ पडली, तर तो मागच्या आसाभोवती फिरून मागे उलटतो. इथे पुढे एक चाक आहे की दोन, याने फरक पडत नाही. ओझे मर्यादेत ठेवणे, ते खालच्या हुकालाच जोडणे आणि नाकावर लोखंडी वजने लावणे हेच उपाय.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत चौकट बसवण्याची सक्ती केली. तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू नंतर झपाट्याने घटले. चौकट ट्रॅक्टरला उलटण्यापासून रोखत नाही. ती माणसाला चिरडण्यापासून वाचवते. चौकट असेल, तर पट्टा बांधलाच पाहिजे, म्हणजे माणूस तिच्या आत राहतो. चौकट नसेल, तर पट्टा बांधू नये. मडगार्डवर बसलेल्या माणसाला मात्र कोणतीही चौकट वाचवत नाही.

करून पाहा

प्लायवूडचे दोन हलके तुकडे कापा. एक आयत, २० सेंटिमीटर लांब आणि १६ रुंद. दुसरा समद्विभुज त्रिकोण, पाया १६ आणि उंची २०. वाळूने गच्च भरलेल्या, १५ सेंटिमीटर उंचीच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येक तुकड्याच्या मध्यरेषेवर, १६ सेंटिमीटरच्या बाजूपासून ७ सेंटिमीटरवर एकेक बाटली उभी चिकटवा. हा आपला ट्रॅक्टर, एकदशांश आकाराचा. तुकडा एका फळीवर आडवा ठेवा. तो घसरू नये म्हणून खालच्या बाजूच्या दोन्ही टोकांपाशी छोटे खिळे ठोका. आता फळी एका बाजूने हळूहळू उचला आणि तुकडा कलंडेल तो कोन कोनमापकाने मोजा. प्लायवूडच्या वजनामुळे कोन आपल्या गणितापेक्षा किंचित जास्त येईल. का, ते वर्गात एकमेकांना समजावून सांगा.

आणि एक उदाहरण घरी सोडवा. पुढच्या भरणी-यंत्रात माती भरून ती उंच उचलल्यामुळे आपल्या काल्पनिक ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य ०.७५ वरून ०.९५ मीटरवर गेला. बाकीचे आकडे तेच. तिन्ही प्रकारांत कलंडण्याचा कोन किती उरेल? उत्तर काढा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या घरातल्या कोणाला तरी ते दाखवा.